अण्णांची पायी मुंबई

आमच्या किनवटहून नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसले, की रात्रभराच्या प्रवासानंतर माणूस थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शाळेत पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. मुंबईला ते कामापुरते दोन-तीनदा जाऊन आले होते. मुंबई पाहणे मात्र राहून गेले होते. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते एका संध्याकाळी म्हणाले, ‘‘मुलांना जे फळ्यावर शिकवलं, ते एकदा पायी फिरून पाहायचं आहे.’’

संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. मुक्काम दादरला, धाकट्या बहिणीकडे. रविवारची सकाळ मी मुद्दाम निवडली, कारण कचेऱ्या बंद असल्या की फोर्टचे रस्ते मोकळे असतात. माझ्या पिशवीत औषधे, पाणी, खडीसाखर आणि खिशात सात ठिकाणांची यादी. अण्णा पडतील, एवढी एकच धास्ती मला होती.

आरंभ टर्मिनसच्या इमारतीपासूनच केला. १८७८ साली सुरू झालेले हे बांधकाम पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली; २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हजारो लोक रोज तिच्यातून धावत जातात, पण ती पाहायची तर रस्त्यापलीकडे उभे राहावे लागते. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. ‘‘सिंह इंग्लंडचा, वाघ आपला,’’ अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्गातली जरब परतली होती.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक सुमारे एक किलोमीटर. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचे छत असलेला पदपथ आहे. वृद्धांना असा रस्ता फार सोयीचा, कारण ऊन डोक्यावर येत नाही. फरशा मात्र कुठे उंच, कुठे सखल. नजर वर कमानीकडे आणि पाऊल खाली खड्ड्यात, असे होऊ शकते. पाहायचे तेव्हा थांबावे आणि चालायचे तेव्हा जमिनीकडे लक्ष ठेवावे, एवढा नियम पुरे.

अण्णा तो नियम माझ्यापेक्षाही काटेकोरपणे पाळत होते. थोडे चालत, थांबत, म्हणत, ‘‘ही कमान बघ.’’ पुन्हा थोडे चालत आणि म्हणत, ‘‘हा सज्जा बघ.’’ मी घड्याळ पाहत होतो. यादीतली सहा ठिकाणे शिल्लक होती. चौथ्यांदा ते थांबले तेव्हा समोर कमान नव्हती, सज्जा नव्हता. होते ते एका दुकानाचे बंद शटर, आणि अण्णा ते शटर मन लावून पाहत होते.

‘‘अण्णा, इथं काय आहे?’’

ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी पोटरी दाबून धरली होती.

रोज कितीतरी पाय तपासणाऱ्या माणसाला आपल्या वडिलांच्या पायात काय होते आहे, हे मुंबईत एका बंद दुकानासमोर कळले. मग मागच्या गोष्टी आठवू लागल्या. दोन वर्षे ते माहूरगडाच्या पायऱ्या चढले नव्हते. ‘‘तुम्ही या जाऊन, मी खालीच बसतो,’’ असे ते म्हणत आणि मी ते वयावर घालत असे. बाजाराला जाताना वाटेत ओळखीच्या दुकानासमोर उभे राहून गप्पा मारत. ती मला त्यांची हौस वाटे. काही देशांत या आजाराला ‘दुकानांच्या काचांपुढे थांबण्याचा आजार’ असे बोलीभाषेतले नाव आहे. रुग्ण लाजतो, म्हणून काहीतरी पाहण्याचे निमित्त करून थांबतो. अण्णांनी निमित्ताला इतिहास घेतला होता.

हुतात्मा चौकात आम्ही सावकाश पोहोचलो. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथेच गोळीबार झाला. आमचे किनवट तेव्हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते नांदेड जिल्ह्यात आले. अण्णा तेव्हा लहान शाळकरी होते. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगार यांच्या पुतळ्यासमोर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि बराच वेळ ते तसेच उभे राहिले. त्या थांबण्याला निमित्त लागत नव्हते.

पुढे हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावलीतला बाक सापडला. तेथे मी त्यांचे पाऊल मांडीवर घेतले आणि पावलाच्या वरच्या बाजूची नाडी चाचपली. उजवीकडे ती लागली, डावीकडे लागली नाही. पायाच्या रोहिणीत चरबीचे थर साचून वाट अरुंद झाली, की चालताना स्नायूंना वाढीव रक्त मिळत नाही आणि पोटरीत गोळा येतो. उभे राहिले की काही मिनिटांत तो जातो. तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा येतो. कण्यातल्या नसा दबल्यानेही चालताना पाय दुखतात, पण ते दुखणे बहुधा नुसते उभे राहून जात नाही. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर उतार पडतो. अण्णांनी तीस वर्षे विडी ओढली होती आणि रक्तदाब होताच. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल ही या आजाराची नेहमीची कारणे.

‘‘आधी का नाही सांगितलं?’’ मी विचारले.

‘‘सांगितलं असतं, तर आणलं असतंस का?’’

समोर १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, त्याच्या उंच पायऱ्यांसह दिसत होते. त्या पायऱ्या आम्ही बागेतूनच पाहिल्या. यादी मी खिशात घातली आणि आम्ही टॅक्सीने परतलो.

नांदेडला तपासण्या झाल्या. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबापेक्षा बराच कमी भरला; शस्त्रक्रियेची गरज मात्र नव्हती. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत जो उपचार सांगितला गेला, तो ऐकून अण्णा हसले. उपचार होता चालण्याचा. गोळा येईपर्यंत चालायचे, आला की थांबायचे, गेला की पुन्हा चालायचे; असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस आणि निदान तीन महिने. या सरावाने स्नायू मिळेल तेवढे रक्त अधिक चांगले वापरू लागतात आणि वेदनेविना चालण्याचे अंतर वाढते. गोकुंद्याच्या रस्त्यावर अण्णा वहीत पावले मांडू लागले. ज्यांना छातीत दुखते, ज्यांचा पाय बसल्या जागी किंवा रात्री झोपेत ठणकतो, ज्यांच्या पावलाची जखम भरत नाही, त्यांनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. पाय अचानक थंड आणि पांढरा पडला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. मधुमेहींच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना गोळा जाणवेलच असे नाही. म्हणून त्यांची पावले घरच्यांनी रोज पाहावीत.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. या वेळी सात ठिकाणांच्या यादीऐवजी मी बसण्याच्या जागांची यादी केली होती, आणि दिवसाला दोनच ठिकाणे. किनवटचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा. घाम येतो तसा वाळतो आणि अंग गार करतो. समुद्रकाठी हवेतच ओल, घाम वाळत नाही, शरीर लवकर थकते. म्हणून दहाच्या आत परतायचे किंवा पाच वाजता निघायचे, असे ठरवले. लघवीच्या भीतीने पाणी पिणे टाळणारे ज्येष्ठ पुष्कळ. त्यांच्यासाठी वाटेतले स्वच्छतागृह आधी हेरून ठेवणे, हे सोबत्याचे काम.

टर्मिनस ते हुतात्मा चौक या अंतरात अण्णा एकदाच थांबले. एशियाटिकच्या पायऱ्या मध्ये एकदा बसून चढले. दुसऱ्या दिवशी गेटवे. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आले, त्याची ही आठवण. कमान मात्र पूर्ण झाली १९२४ मध्ये. ‘‘आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून गेली,’’ अण्णांनी शेजारच्या दोन अनोळखी मुलांना सांगितले. मुलांनी ऐकून घेतले.

अखेरची संध्याकाळ मरीन ड्राइव्हची. साडेतीन किलोमीटरच्या या किनाऱ्यावर सलग कठडा आहे. वाटेल तेथे बसता येते. नरिमन पॉइंटकडून आम्ही चालू लागलो. मी त्यांच्या पुढे नव्हतो, शेजारी होतो. बऱ्याच वेळाने अण्णांनी माझा हात धरला.

‘‘बस जरा. गोळा आला.’’

आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो. दूरवर गिरगाव चौपाटीचे दिवे लागले होते. पाच मिनिटांनी ते उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, ‘‘चल, गेला.’’