बोटाखालचा भाता

गेल्या वर्षी गणपती दहा दिवसांवर आले असताना ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा आपला कंट्रोलर घेऊन माझ्याकडे आला. मऊ सिलिकॉनच्या पाठीचं वाद्य. त्यात सुट्या पट्ट्या नसतात, पट्ट्यांच्या जागी लाटांसारखे उंचवटे असतात. "काका, मधले तीन सूर मेलेत. जोर लावला तरच बोलतात," तो म्हणाला.

अगदी हीच तक्रार मी पूर्वी एकदा ऐकली होती आणि तेव्हा मोठी चूक केली होती. वाद्य सरळ उघडलं, सिलिकॉन सोडवलं, परदेशातून सेन्सरचा नवा पडदा मागवला. ज्याचं वाद्य त्याचे पैसे गेले, महिना गेला, आणि चौथ्या दिवशी तेच सूर पुन्हा गप्प झाले. त्याची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर मी सगळ्यात शेवटी उचलतो.

माझं बालपण पेट्यांच्या घरातलं. वडील जबलपूरच्या मराठी घरांतल्या, भजनी मंडळांतल्या पेट्या दुरुस्त करत. पेटीत सूर लावतं एक बोट आणि त्यात जीव ओततो दुसरा हात, भात्यावरचा. पट्टी कितीही दाबा, सूर तसूभरही बदलत नाही. मींड निघत नाही, श्रुती जागच्या जागी खिळलेल्या, म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं. ते थोडंफार उघडायला १९७१ उजाडलं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच तळमळीतून. मुलाचं हे सिलिकॉनचं वाद्य वेगळ्या वाटेने तिथे पोहोचतं: यात प्रत्येक बोटाखाली एकेक भाता आहे. बोट आडवं सरकवलं की मींड, दाबलं की आवाज फुलतो. २००९ च्या 'दिल्ली-६' मधल्या 'रहना तू'च्या शेवटी ए. आर. रहमान यांनी वाजवलेला कंटिन्युअम ज्यांनी कान देऊन ऐकला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. लिपोल्ड हाकेन यांचं ते वाद्य याच घराण्यातलं.

म्हणून यात दाब बिघडला की नुसता आवाज कमी होत नाही, वादकाचा श्वासच अडतो.

दाब हरवला की तो कुठे हरवला हे आधी शोधायचं. बोटापासून स्पीकरपर्यंत रस्ता लांब आहे. मी वाद्य लॅपटॉपला जोडतो आणि वाद्य पाठवतं ते नुसते मिडीचे आकडे बघत बसतो, आवाज बंद करून. दाबाचा आकडा ० ते १२७ असा चढतो. आकडा नीट चढतोय आणि आवाज फुलत नाहीये, तर वाद्य निर्दोष आहे; पलीकडच्या पॅचमध्ये दाब कशालाच जोडलेला नाही. एक बोट दाबल्यावर सगळेच सूर फुलत असतील तर वाद्य एकाच चॅनलवर बोलतंय. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनल मिळतो. सहसा पहिला सगळ्यांचा सामायिक आणि दोन ते सोळा सुरांचे. पलीकडच्या सिंथला हे सांगितलेलं नसलं तर दाबही बिघडतो आणि मींडही: बोट दोन सूर सरकतं आणि आवाज भलतीकडेच जातो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी इथेच मिटतात.

आकडाच चढत नसेल तर मग मुके सूर कोणते ते बघायचं. सगळेच मंद असतील तर वीज अपुरी. स्वस्तातला यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावून पाहावी. ठरावीक अंतरावरचे सूर गेले असतील तर आतल्या जाळीची एखादी रेघ तुटली आहे किंवा रिबन केबल कनेक्टरमध्ये सैल झाली आहे. शेजारशेजारचे गेले असतील तर कारण त्याच जागी आहे.

मुलाचे तीन सूर शेजारशेजारचे होते. मी म्हटलं, "तू घरी हे सुरू कसं करतोस, तसंच करून दाखव." त्याने खिशातून मोबाईल काढला, तानपुऱ्याचं ॲप लावलं, मोबाईल मधल्या सप्तकावर आडवा ठेवला आणि मग केबल जोडली.

ही वाद्यं सुरू होताना त्या क्षणाला जो दाब असेल त्यालाच शून्य समजतात. मोबाईलचं दोनेकशे ग्रॅम ओझं त्या तीन सुरांनी शून्य धरलं. मोबाईल उचलल्यावर हलक्या बोटाला ते उत्तरच देईनात. आधी तेवढं ओझं भरून काढावं तेव्हा आकडा हलायचा. केबल काढली, पाठ मोकळी ठेवली, पुन्हा जोडली. मग किराण्याच्या दुकानातून आणलेली पितळी वजनं, खाली बोटाच्या टोकाएवढा खोडरबर, असं एकेका सुरावर ठेवून आकडे वहीत लिहिले. तिन्ही सूर शेजाऱ्यांच्या बरोबरीला आले. आधीच्या त्या वाद्यातही बहुधा असंच काहीतरी असणार.

सेन्सर खरोखर खराब होत नाहीत असं नाही. दाबाने ज्याचा विद्युतरोध घटतो असा कार्बनचा थर बऱ्याच वाद्यांत असतो. त्यावर बोट टेकवून ठेवलं की आकडा आपोआप हळूहळू वर सरकत राहतो, लांब धरलेल्या षड्जात हे लगेच कळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि जुलैत भिंतींना ओल, त्यामुळे कनेक्टर काळे पडतात, जुन्या कीबोर्डांतल्या आफ्टरटचच्या, म्हणजे पट्टी दाबून धरल्यावरचा दाब मोजणाऱ्या फितीवरचं फेल्ट कडक होतं. सिलिकॉनवर स्पिरिट मात्र कधी फिरवू नये. किंचित ओलं, धागे न सुटणारं फडकं पुरतं.

वाद्य न्यायला मुलगा आला तो आत्याला घेऊन. त्या गाणं शिकवतात. त्यांनी दरबारीचा कोमल गंधार लावला, बोट आंदोलनात डोलवलं आणि थांबल्या. "अहो, हा थरथरतोय. झुलत नाहीये."

मी आकडे बघितले. बोट डावीकडे उजवीकडे झुकलं की दाबही थोडा कमीजास्त होत होता, त्यामुळे स्वराबरोबर आवाजही हिंदकळत होता. वजनं ठेवून हे मला कधीच दिसलं नसतं. वजन झुलत नाही. किती दाबाला किती आवाज हे ठरवणाऱ्या वक्राचा मधला भाग मी सपाट केला, म्हणजे मधल्या दाबात थोडा फरक पडला तरी आवाज जागेवर राहील. त्यांनी पुन्हा गंधार लावला. तीनदा वक्र बदलला, चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ त्या स्वरावरून हललं कुणी नाही.

मग मुलाने त्याच सेटिंगवर गणपतीतलं एक गाणं वाजवून बघितलं. त्याला आवाज पुरेना, त्याचा हात जड. त्याच्यासाठी दुसरा वक्र केला आणि दोन्ही वक्र वाद्यात साठवले, एक 'आत्या' या नावाने.