काडीतली अंडी

माशांच्या टाकीसाठी ओढ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती पारखायला मला आता विद्यार्थ्याचे डोळे लागतात. टाचणी हा चतुरासारखा नाजूक किडा; ती आपली अंडी काडीवर चिकटवत नाही, काडीला टोचून आत घालते. जुडी खिडकीशी धरली की एका ओळीत बारीक टोचे दिसतात. पूर्वी ते मला ओढ्याच्या काठावरच दिसायचे. आता तो "सर, ही बघा" म्हणतो आणि आधी राग येतो, मग मी भिंग शोधतो. मासे पाळणाऱ्यांत माझं नाव याच नजरेवर झालं होतं. तो मान मला सोडवत नाही.

गोगलगायींनी मला इतकं छळलेलं नाही. त्यांची जेलीसारखी अंडी नखाने खरवडता येतात. पण या टोच्यांपुढे काय करायचं? पोटॅशियम परमँगनेटचं पाणी काडीच्या आत पोचत नाही आणि ब्लीच कडक केलं तर हायड्रिलाचाच लगदा होतो. मग एखाद्या रात्री टॉर्च मारावा तर गप्पीची पिल्लं कमी झालेली, आणि काडीला बिलगून शेपटीला तीन पाती असलेली टाचणीची अळी. तिचा खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो. पिल्लू टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे येतो.

म्हणून नवी जुडी आधी बिनमाशांच्या टबात, महिनाभर. थंडीत अंडी उशिरा फुटतात, तेव्हा त्याहून जास्त. अळ्या फुटतील तशा वेचायच्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे जंतूही मासाच न मिळाल्याने तिथे मरतात. टिश्यू कल्चरने वाढवलेल्या रोपांच्या डब्यांना हा खटाटोप नाही, कोळंबी पाळणाऱ्यांनी तेच घ्यावेत. माझा राग आहे तो तळ्यातून उपसलेली काडी 'फार्मची' म्हणून विकणाऱ्यांवर. गिऱ्हाईक ती थेट टाकीत लावतं.

खरी भीती मला निर्मळ काडीची वाटते. द्राक्षबागांच्या खालच्या अंगाला हिरवागार ओढा असतो, पण जुडी झटकली तर एक किडा पडत नाही. तिथे फवारणीचं पाणी उतरत असणार, असंच मी धरतो, आणि फवारणीचा अंश टबात महिनाभर ठेवूनही जाईल याची खात्री नाही. टाचण्या उडतात तिथलीच काडी मी घेतो.

कासच्या पठारावरच्या डबक्यांतला वायतुरा मात्र कुणी उपटू नये. साताऱ्याकडच्या सड्यांवरची ती दुर्मीळ वनस्पती पावसाळा सरला की कंदाच्या रूपाने जमिनीत निजते; बारमाही टाकी तिला मानवणारी नाही. टबातलं पाणी मी कुंड्यांना घालतो, नदीत कधीच सोडत नाही; त्यातली एखादी काडी तिथे रुजायला नको. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच जगभर नेली गेली, आणि पुण्यात उन्हाळा लागला की मुळा-मुठेचं पाणी तिच्याखाली झाकून जातं.