मामा, डाव्या दारात काहीतरी वाजतंय



फोनच केला असता. पण परवा तुम्ही तीनदा "कोण बोलालंय?" विचारलंत आणि फोन मामीच्या हातात दिलात. मामी म्हणाली, त्यांना आता कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही, आणि ते कानातलं मशीन टेबलाच्या खणात पडून आहे. मामा, जन्मभर दुसऱ्यांची मशिनं बोलती केलीत आणि स्वतःचं मशीन खणात? असो. भांडण भेटल्यावर. आधी बातमी ऐका, म्हणजे वाचा.

गाडीतला जुना सेट मी काढला आणि नवा बसवला. पुढच्या दोन्ही दारांचे स्पीकरही बदलले. मीच. दोन रविवार लागले.

हसू नका. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात मला कधी आत येऊ दिलंत का? दादाला स्टुलावर बसवून सोल्डर करायला कैया हातात द्यायचात, आणि मला पायरीवर. "तू उगं चटका लावून घेशील." मग माझं काम काय, तर डब्याच्या झाकणात स्क्रू मोजून ठेवायचे. दादा आता लातूरला बँकेत आहे, त्याला घरचा फ्यूज बदलायलाही माणूस लागतो. झाकण मात्र मी अजून वापरते. पायरीवरून दुकान पूर्ण दिसत होतं, हे तुमच्या लक्षात कधी आलं होतं का?

माळेगावच्या जत्रेआधीचे दिवस आठवतात? काळी-पिवळीवाल्यांची रांग लागायची. खंडोबाला निघालेल्या जीपमध्ये डेक मुका असून कसं चालेल? प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट घशात धरल्यासारखी वाजायची. तुम्ही कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचात, मग हेडशेजारचा तो बारीक स्क्रू. पाव फेरा इकडं, अर्धा पाव तिकडं. डोळे मिटलेले. एका क्षणी आवाजावरचा पडदा सरकायचा आणि टाळांचा एकेक ठोका सुटा व्हायचा. मीटर नाही, काही नाही. नुसता कान. त्या कानाला काय झालं हो?

पहिला रविवार डॅशबोर्डात गेला. दहाच्या पान्यानं बॅटरीची मायनस आधी काढली. "आदी बॅटरी काड, मग शानपना कर," हे तुम्ही दादाला म्हणायचात, ऐकत मी होते. पॅनल उचकटायला शाळेतली प्लास्टिकची पट्टी घेतली, ती मोडली, मग दुसरी घेतली. चार स्क्रू, की सेट हातात. सेट बसतो त्या खणाचं माप जर्मन मानकातून आलंय म्हणे. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०, आणि डबल असेल तर १००. कुठल्याही गाडीपुढं तुम्ही "बसतंय की!" म्हणायचात ना, ते त्या मापाच्या जिवावर. आता डॅशबोर्ड असे वळणावळणाचे करतात की खण शोधावा लागतो, आणि वर वेगळी फ्रेम विकत घ्यावी लागते.

आत बघितलं तर काय! आधीच्या मालकानं कुठंतरी सेट बसवून घेतला होता. मूळ कपलर कापलेलं, वायरी नुसत्या पिळलेल्या, वर उन्हानं चिकट झालेली टेप. तुम्ही असतात तर शिवी हासडली असतीत. मी हासडली. पिवळी कायम चालू, लाल किल्लीबरोबर, काळी अर्थ. इथं पिवळी आणि लाल एकत्र पिळलेल्या. गाडी बंद असली तरी सेट बॅटरी खात बसायचा. हिवाळ्यात दोनदा शाळेतल्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली, आणि बाईंच्या गाडीला धक्का मारायला मिळाला म्हणून खूष झाली, ते वेगळंच.

आणि इथंच तुमच्यामुळं माझा सेट जळणार होता. जीपमध्ये तुम्ही स्पीकरची एकच वायर ओढायचात, दुसरी सरळ बॉडीला. वायर वाचायची. तेच डोक्यात बसलेलं. मी दाराच्या पत्र्यावर स्क्रू शोधतच होते, तेवढ्यात सहज सेटबरोबरचा कागद उघडला. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत करंट खेळतो, मायनस म्हणजे अर्थ नव्हे. बॉडीला लावली की आतली आयसी गेलीच समजा. तुमची विद्या खोटी नव्हती, जुन्या डेकची होती. पण एवढं एक सांगून ठेवायला काय झालं होतं? पायरीवरच्या पोरीला कोण सांगणार म्हणा.

डब्यावर चार गुणिले पन्नास वॅट लिहिलंय. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला वीसेक वॅट मिळाले तरी पुष्कळ. "डब्बा वाजीत नसतो," असं तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात. मला मुखेड ते शाळा एवढाच रस्ता, वीस वॅट खूप झाले. फक्त एक रुखरुख. माझ्या सेटला मीडियम वेव्हच नाही. तुमच्या रेडिओवर १३०५ला पेन्सिलीची खूण होती, परभणी केंद्राची. इथं खूण करायला काटाच नाही. आकाशवाणी नांदेड एफएमवर लागते, तेवढ्यावर भागवते.

दुसरा रविवार दारांचा. काच वर-खाली करायचा दांडा निघेना. त्याच्यामागं वाकड्या तारेची क्लिप असते. तुम्ही चिंधी मागं घालून अशी दोन बाजूंनी ओढायचात, चपला पॉलिश करतात तशी, आणि क्लिप टुणकन उडायची. माझी उडून तुळशीपाशी गेली. पण निघाली, मामा! पहिल्या झटक्यात.

आतला प्लास्टिकचा कागद कुणीतरी टराटरा फाडून ठेवलेला. काचेवरचं पावसाचं पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून जातं, तो कागद ते आत येऊ देत नाही. कागद गेला, मग पाणी स्पीकरवर. जुना कागदी कोन पापडासारखा हातात आला. नवे बसवले तर चुंबक इतकं खोल की काच निम्म्यावर अडकली. मग सुताराकडून बारा एमएम प्लायच्या दोन रिंगा कापून घेतल्या, ऑइल पेंटचे दोन हात दिले, स्पीकर तेवढा बाहेर आला. पत्र्याची मोठी भोकं डॅम्पिंग शीटनं बुजवली आणि फाटक्या कागदाच्या जागी नवा चिकटवला. कोनाच्या मागचा आवाज भोकातून पुढं आला की पुढच्याला खातो, ढोलकी पोकळ लागते. तुम्ही स्पीकर लाकडी खोक्यात का घालायचात, ते मला चाळिशीत कळलं.

एवढं करून सेट लावला, तर ढोलकी नाहीच. गाणारा मधे बसायचा सोडून गाडीभर पसरलेला. मी पायरीवर बसले, आमच्या घराच्या, आणि आठवत राहिले. मग घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लस वायरीला, मायनस मायनसला, नुसता टेकवायचा. कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटा. तुम्ही बघत नव्हता, कोनावर बोटाचं टोक ठेवायचात. मीही ठेवलं. उजवा बाहेर. डावा आत. वायरी बदलल्या आणि ढोलकी घरी आली. त्या बोटाखालचा तो एवढासा धक्का, मामा. कळतं की हो बोटाला.

तर आता कामाचं. गाडी साठच्या पुढं गेली की डाव्या दारात काहीतरी किणकिणतं. क्लिप असेल, आतला दांडा असेल. खरं सांगू? झाकणात सात स्क्रू ठेवले होते, सहाच परत लागले. पॅनल दोनदा उघडलं, सापडत नाही. आवाज येतो पण कुठून ते कळत नाही, कान फसवतो. दाराला हात लावून शोधायला हवं, आणि मी तर गाडी चालवत असते.

दिवाळीला पुण्याहून रेल्वेनं नांदेडला या. मी स्टेशनवर येते. कानातलं मशीन आणलंत तर आणा, नाहीतर राहू द्या खणात. नांदेड ते मुखेड रस्ता भरपूर आहे, आणि डावं दार तुमच्याच बाजूला येतं.

तुमची,
पायरीवरची