एका ब्रॅकेटचा खर्च

एमबीएचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम, करावा की नाही, हा प्रश्न महिनाभर डोक्यातून जात नाही. आई म्हणते, "अगं, पुन्हा परीक्षाच का?" तिचंही खरं आहे. इंटरमिजिएटचे आठ पेपर, फायनलचे आठ. प्रत्येकात किमान 40 गुण आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के. शिवाय पंधरा महिने प्रत्यक्ष प्रशिक्षण. पदवीधराला फाउंडेशन द्यावी लागत नाही, एवढाच दिलासा.

पण चाकणच्या इंटर्नशिपमधला तो दिवस विसरता येत नाही. शॉपफ्लोअरवरच्या काकांनी तेलकट हाताने एक ब्रॅकेट माझ्यापुढे धरला. "ताई, यात वीज किती रुपयांची?" स्ट्रॅटेजी, मार्केटिंग, फायनान्स शिकले होते, तरी उत्तर आलं नाही. संध्याकाळी कॉस्टिंगच्या साहेबांनी मशीन-तासाचा दर काढून, भंगाराची किंमत वजा करून हिशेब मांडला, तेव्हा अख्खा कारखाना त्या कागदावर दिसला.

एमबीएने मला चार माणसांत बोलायला शिकवलं, त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण कॉस्ट ऑडिटवर सही करायचा अधिकार फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटला आहे. तो नुसत्या पदवीने मिळत नाही. बँकेत किंवा सेल्समध्ये जायचं असतं, तर हा खटाटोप मी केला नसता. मला कारखान्यातच राहायचं आहे.

डिसेंबरला पहिला ग्रुप देते आहे. आईला आज रात्री सांगेन.