सिन्नरची विडी आणि तिची ओढ

नाशिकास आलेला पाहुणा रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, सवड असल्यास त्र्यंबकेश्वर करून येतो आणि नाशिक पाहिलें म्हणून समाधानानें परततो. आग्नेयेकडे त्याचीं पावलें सहसा वळत नाहींत. तिकडे, पुण्याच्या रस्त्यावर, सुमारें ३० किलोमीटरांवर सिन्नर आहे. नाशिकरोड मागें टाकलें कीं चेहेडीपाशीं दारणा नदी लागते. पुढें शिंदे, पळसे हीं गांवें आणि मग मोहदरीचा घाट. घाट ओलांडला कीं मुलुखाचा रंग पालटतो. मागचे हिरवे मळे विरळ होत जातात व उघडें माळरान दिसूं लागतें. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचा उरलासुरला वांटा या तालुक्याला मिळतो. पूर्वेकडील गांवांना तर तोही पुरता मिळत नाहीं.

सिन्नरला जाणारा रसिक बहुधा गोंदेश्वरासाठीं जातो. यादवकालीन काळ्या पाषाणाचें हें शिवपंचायतन आहे. मध्यें शंकराचें मुख्य मंदिर, समोर नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांना विष्णु, गणेश, पार्वती व सूर्य यांचीं लहान देवळें. तें अवश्य पाहावें. परंतु आजच्या लेखाचा विषय त्या देवळाच्या पलीकडचा, गांवांतल्या गल्ल्यांचा आहे. महाराष्ट्राच्या घराघरांत सिन्नरचें नांव पोंचलें तें देवळापेक्षां विडीमुळें. भिकुसा यमासा क्षत्रिय या पेढीचें नांव जुन्या पिढींतील पुष्कळांना ठाऊक असेल. ती पेढी सिन्नरचीच.

विडीला लागणारी एकही मुख्य वस्तु सिन्नरच्या मातींतली नव्हे. या धंद्याचें टेंभुर्णीचें पान येतें विदर्भ-मध्यप्रदेशांतील रानांतून; तंबाखू येते निपाणीकडून आणि गुजरातेंतील चरोतरांतून. मग येथलें असें काय? येथलीं आहेत तीं बोटें. जेथें शेत बारा महिने काम देत नाहीं, तेथें ओसरीवर बसून, मूल सांभाळून, चुलीवरच्या आधणाकडे एक डोळा ठेवून करतां येईल असें काम बायकांनीं हातीं घेतलें, यांत नवल तें काय?

नांवाची एक मौज येथेंच सांगून टाकतों. विडी हा शब्द विड्याचा, म्हणजे संस्कृतांतील वीटिकेचा वंशज. पान गुंडाळून केलेली वस्तु. दक्षिणेकडील चिरुटाचें नांव तमिळ भाषेंतल्या ‘सुरुट्टु’ या शब्दावरून आलें आणि त्याचाही अर्थ गुंडाळी असाच आहे. दोन्ही नांवें धुरावरून पडलेलीं नाहींत, वळण्यावरून पडलीं आहेत. आपण ओढणाऱ्याकडे पाहतों. भाषेनें मात्र वळणाऱ्याची आठवण ठेवली आहे.

आतां ही वळण्याची क्रिया पाहावी. पानें आधीं पाण्यांत भिजवून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवतात, म्हणजे तीं मऊ होतात. मग पत्र्याचा लहानसा नमुना पानावर ठेवून कात्रीनें त्याचा लांबट चौकोनी तुकडा कापतात. मांडीवर सूप, सुपांत तंबाखूचा चुरा. चिमटीनें तो पानावर पसरावयाचा, बोटांनीं सारखा करावयाचा, एका कडेपासून गुंडाळी वळत आणावयाची, रुंद तोंड नखानें दुमडून बंद करावयाचें आणि निमुळत्या बाजूला दोरा बांधावयाचा. एका विडींत तंबाखू असते ०·१५ पासून ०·२५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे खरोखर चिमूटभर. मजुरी मात्र हजारावर मोजली जाते. हजार वेळां तीच चिमूट आणि तोच दाब साधावयाचा, हें काम पाहतांना वाटतें तितकें सोपें नाहीं.

कारण विडीचें सारें सुखदुःख तिच्या ओढींत असतें. तंबाखू सैल भरली तर विडी भराभर जळते व ठिणग्या पडतात. दाटून भरली तर ती कोंदते. गालांना खड्डे पडेपर्यंत ओढलें तरी धुराचा पुरता झुरका येत नाहीं आणि विडी विझते. कोंदण्याचीं कारणें ठरलेलीं आहेत. कधीं तंबाखूंत देंठाची काडी राहते व ती नेमकी निमुळत्या भागांत आडवी बसते. कधीं चुरा एकाच जागीं गोळा होतो. कधीं दोरा फार आवळला जातो. पावसाळ्यांत हवेंतली ओल तंबाखूला फुगविते आणि आंतली वाट बुजते. यासाठींच वळलेल्या विड्या कारखान्यांत भट्टीच्या उष्णतेवर शेकून मग त्यांचीं बंडलें बांधतात.

ओढणाऱ्याचे उपाय पिढीजाद आहेत. पेटविण्यापूर्वीं तो विडी अंगठा व तर्जनी यांमध्यें हलकेच फिरवितो, म्हणजे आंतला गोळा मोडतो. टोक किंचित् दाबतो. एकदां उलट फुंकर मारून पाहतो. सर्दावलेलीं बंडलें तो उन्हांत किंवा चुलीच्या उबेला ठेवतो. मोठ्या चिरुटाचाही इलाज याच जातीचा आहे: कांहीं दिवस कोरड्या हवेंत ठेवणें, दाट लागेल त्या जागीं बोटांनीं हळूच चोळणें, आणि तेंही न साधल्यास लांब बारीक सळई आंत घालून वाट मोकळी करणें. विडीला सळईचा उपचार सोसत नाहीं. पान फाटतें व वारा बाजूनें शिरतो. हॅवानाच्या नामांकित कारखान्यांतून या शतकाच्या आरंभापासून ओढ तपासण्याचीं यंत्रें बसविलीं गेलीं आहेत. विडीच्या धंद्यांत तें यंत्र म्हणजे तपासनिसाचीं दोन बोटें व त्याचा डोळा.

आणि येथेंच या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीला दुसरी बाजू फुटते. कोंदलेल्या विडीनें ओढणाऱ्याचा एक झुरका बुडतो. ती फेकून तो दुसरी पेटवितो. वळणारीचें तसें नाहीं. संध्याकाळीं माल मोजून देतांना तपासनीस ज्या विड्या बाजूला काढतो, त्यांना छाट म्हणतात. छाट वाढली कीं दिवसाची मजुरी घटली. पान जून निघालें, तंबाखूंत काड्या निघाल्या, तरी दोष सुपाशीं बसलेलीच्याच पदरीं येण्याचा संभव अधिक. शिवाय बाजूला काढलेल्या विडीचें पुढें काय झालें, हें विचारण्याची सोय तिला कोठली?

या छाटेनेंच एकदां कामगारांच्या बाजूनें साक्ष दिली, ही गोष्ट घरोघर सांगण्यासारखी आहे. नागपुरांतील एका विडी कारखान्यांतले कामगार आपल्या सोयीनें येत, सोयीनें जात आणि नगावर मजुरी घेत. त्यांनीं पगारी रजा मागितली, तेव्हां मालकाचें म्हणणें पडलें कीं, हे आमचे नोकरच नव्हेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. डिसेंबर १९६० मधील निकालांत न्यायालयानें असें मानलें कीं, दिवसअखेर वाईट विडी नाकारण्याचा हक्क ज्याच्या हातीं आहे, त्याचा कामाच्या रीतीवरही ताबा आहे. म्हणून हे कामगारच होत. पुढें १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. घरीं बसून विडी वळणारी बाईही त्याच्या कक्षेंत आली, आणि त्याखालच्या नियमांनीं छाटेला सामान्यतः शेंकडा ५ ची मर्यादा घातली. २०२० सालच्या नव्या श्रमसंहितेंत तो कायदा विलीन करण्यांत आला आहे. कागदावरचा नियम ओसरीपर्यंत किती पोंचला, हें मात्र ज्या त्या ओसरीलाच ठाऊक.

विडीची ओढ सुधारण्याचे उपाय वर दिले, म्हणून कोणी ही विडीची शिफारस समजूं नये. टेंभुर्णीच्या पानांतून हवा फारशी आरपार जात नाहीं. विडी विझूं नये म्हणून ओढणाऱ्याला वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि त्यामुळें विषारी द्रव्यें छातींत अधिक जातात. विडी ही सिगारेटपेक्षां गरीब व म्हणून निरुपद्रवी, हा समज निखालस खोटा आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं धूम्रपानास सर्व देशभर बंदी आहे. आणि जी स्त्री जन्मांत एकही झुरका घेत नाहीं, तीही दिवसभर तंबाखूची धूळ श्वासावाटे आंत घेते. घरांतलें तान्हें मूल त्याच धुळींत रांगतें.

तेव्हां धंदा बुडाला तर बरेंच झालें, असें नाशिकच्या सुखवस्तु घरांत बसून म्हणणें सोपें आहे. सिन्नराजवळ मुसळगांव व माळेगांव येथें कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. विडीचा धंदा पूर्वींच्या मानानें उतरला. पण ज्या बाईचीं बोटें वर्षानुवर्षें एकच चिमूट मोजीत आलीं, तिला यंत्रापाशीं कोण उभी करणार? व्यसन घटावें ही इच्छा योग्यच. परंतु त्या इच्छेबरोबर या बोटांना दुसरें काम देण्याची जबाबदारीही येते. एकीचा पुरस्कार करून दुसरी विसरणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

मराठींत ‘वळण’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. अक्षराला वळण असतें, मुलाला वळण लावतात, आणि विडीही वळतात. चांगल्या वळणाचें लक्षण एकच: बांधणी घट्ट असावी, पण आंतून वारा खेळावा. सिन्नरच्या बायकांनीं हें वळण हजारों वेळां साधलें. त्यांच्या स्वतःच्या संसारांत मोकळा वारा खेळूं लागेल तो दिवस सुदिन. आणि त्यासाठीं तंबाखूवांचूनचें काम त्यांच्या ओसरीवर पोंचविणें, हें आपणां सर्वांचें काम आहे.