लाइन

५ जानेवारी

रात्री साडेअकराला मोहोळहून दादाचा फोन. दोन वाक्यं झाली न झाली तोच म्हणाला, "ठेव आता, लाइन आली. दारं धरायला जातो." या आठवड्यात त्यांच्याकडे लाइन रात्रीची. थंडीत, अंधारात, कांद्याच्या वाफ्यात पाणी फिरवायचं.

गावाकडे लाइट वेगळी आणि लाइन वेगळी. घरातला दिवा लागला तर लाइट आली. विहिरीवरची मोटर चालू शकेल अशी थ्री फेज आली तर लाइन आली. खांब तेच, तारा त्याच. एखाद्या इंजिनिअरला हा भेद समजावायला पानभर लिहावं लागेल, दादाला एका शब्दात जमतो. आम्ही शहरातले मात्र वीज गेली की "लाइट गेली" म्हणून मोकळे. आमची लाइन जमिनीखालून जाते. पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून "आपल्या लाइनीला आज पाणी आहे का?" हा प्रश्न गल्लीत "कशा आहात"च्या आधी विचारला जातो. उजनीहून सोलापूरपर्यंत सुमारे ११० किलोमीटर नळ टाकले, त्याला कागदोपत्री समांतर जलवाहिनी म्हणतात. आमच्या गल्लीत तिचं नाव डबल लाइन.

८ जानेवारी

शिंप्याकडे ब्लाउज टाकायला गेले. "लाइनिंग लावू का?" म्हणाला. लाव म्हटलं. अस्तर हा शब्द त्याच्या दुकानातून कधी गेला, त्यालाही आठवत नसेल.

घरी येऊन जाडा इंग्रजी कोश काढला, आणि संध्याकाळ त्यातच गेली. लाइन हा शब्द लॅटिनमधल्या लिनिया या शब्दावरून आला. लिनिया म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंचा दोरा. लिनम म्हणजे जवस. त्याच घरातून लिनन कापड आलं, आणि कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून लाइनिंगही आलं. दोरा ताणून धरला की सरळ रेघ मिळते. गवंडी आजही ओळंबा आणि दोरी घेऊनच भिंत उभी करतो. तिथून मग रेघ, रांग, मार्ग, वंश, धंदा असा या शब्दाचा पसारा वाढत गेला.

म्हणजे सुताच्या गावात बसून मी जन्मभर सुताचा शब्द वापरत आले. इथे १८७७ साली जुनी मिल निघाली, घराघरांत माग चालले, चादरी-टॉवेल देशभर गेले, सुताच्या लाइनीत पिढ्या गेल्या. "ते सूत लाइनीतले" असं आपण व्यापाऱ्याबद्दल सहज म्हणतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती द्विरुक्तीच झाली! जवसाचं म्हणाल तर आपल्याकडे ते दोऱ्यासाठी कुणी पेरत नाही. तेल काढतो, चटणी कुटतो. आजच्या भाकरीबरोबर तीच होती.

९ जानेवारी

रेशनच्या दुकानात सर्व्हर बंद. तासभर उभी राहिले. वेळ जाईना म्हणून कान उघडे ठेवले. माझ्या मागच्या बाईंनी नातवाला दटावलं, "लैनुलो निलबडु." पुढे कुणी कन्नडमध्ये "लैनल्लि निल्लु," कडेच्या चाचांनी "लैन में ठैरो," आणि मधे घुसणाऱ्या एका पोराला दुकानदार, "लायनीत थांब की बे!" तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी. भिंतीवरच्या पाटीवर मात्र "कृपया रांगेत उभे राहावे". ती सूचना कोणासाठी लिहिली असेल, कोण जाणे. रांग हा शब्द गोड आहे, पण त्यात वशिला चालेल असं वाटतं. लाइन म्हटलं की पोरगं मुकाट मागे गेलं.

११ जानेवारी

रेल्वे लाइन्समध्ये मैत्रिणीकडे. त्या भागाच्या नावातला शेवटचा "स" मला नेहमी खटकायचा. आपण परक्या शब्दाचं अनेकवचन असं जपत नाही, टेबल्स-पेन्स म्हणत नाही. पण हे लाइन्स रुळांचं नव्हे. इंग्रजी छावणीत बराकींच्या ओळी असत, त्यांना लाइन्स म्हणत. पोलीस लाइन, सिव्हिल लाइन्स ही सगळी त्याच कुळातली. लांबच लांब बंगल्यांची, झाडांची ओळ अजून दिसते तिथे.

रूळवाली लाइन सोलापुरात १८६० साली आली. तेव्हापासून आपल्याकडची भूगोलाची भाषा तीच. होटगीला फुटते ती विजापूर लाइन, कुर्डुवाडीहून लातूर लाइन, मिरज लाइन. पाहुण्यांचं गाव कुठे विचारलं की तालुक्याआधी लाइन सांगतात. कुर्डुवाडी ते बार्शी ही धाकटी गाडी १८९७ साली सुरू झाली. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने आखलेली, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. हलकी म्हणून लाइट. आई तिला "बार्शी लाइट" म्हणायची, आणि लहानपणी मला वाटायचं, ती दिवे लावलेली गाडी असणार. पुढे ती ब्रॉडगेज झाली. नावातलं लाइट गेलं, लाइन राहिली.

"लाइन क्लिअर" हा स्टेशनमास्तरांचा शब्द. पुढचं स्टेशन गाडी घ्यायला तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. मैत्रिणीच्या मुलीचं स्थळ जमतंय. मुलाकडच्यांचा होकार आला तेव्हा तिचे यजमान (आयुष्य रेल्वेत गेलेलं) आतून ओरडले, "लाइन क्लिअर!"

१२ जानेवारी

चार हुतात्मा चौकात पुतळ्यांना हार. १९३१ साली आजच्याच दिवशी धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. शाळेची मुलं दोन-दोनच्या लाइनीत आली होती. बाई ओरडत होत्या, "लाइन मोडू नका." मोडलीच.

१४ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याकडे, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, डोळे दिपतील एवढी गर्दी. मुद्दाम ऐकत राहिले. ध्वज एकामागून एक, पण त्याला कुणीही लाइन म्हणत नव्हतं. मंदिरात दर्शनाला मात्र लाइन. दारातल्या रांगोळीची रेघ असते, हाताची रेषा असते, अभंगाची ओळ असते. जे आपण आपल्या हाताने किंवा मनाने करतो, तिथे मराठीने आपले शब्द सोडलेले नाहीत. जिथे पलीकडच्या टोकाला दुसरं कुणी बसलेलं असतं आणि आपल्याला वाट पाहायची असते, तिथे लाइन. हा नियम सगळीकडे बसत नाही. इंग्रजी शाळेतला नातू वहीत "लाइन मारतो"च. आणि सीमेवरच्या लाइनीला वर्तमानपत्रं नियंत्रण रेषा म्हणतात, तिथे वाट पाहणारे काही कमी नाहीत.

१६ जानेवारी

भाचा आला होता. टीव्हीवर सामना, "लाइन अँड लेंग्थ" चाललेलं. क्रिकेटपटू पॉली उमरीगर सोलापुरात जन्मले, १९२६ साली, हे मी त्याला दरवेळी सांगते, तो दरवेळी "हो मावशी" म्हणतो. मग त्याच्या मोबाइलवर सारखे मेसेज. त्याची आई म्हणाली, कुणावर लाइन मारतोय, विचार. तो म्हणाला, लाइन मारायचे दिवस गेले, आता मेसेज सीन करतात. आईचं म्हणणं, पोरगं लवकर लाइनीला लागू दे. एकाच खोलीत तीन लाइनी, आणि चहा कुणाला नको होता.

१९ जानेवारी

आज पेपर उशिरा आणि भलत्याच पोराने टाकला. जुना मुलगा संध्याकाळी पैसे घ्यायला आला तेव्हा कळलं, त्याने लाइन सोडली. आता कोणत्या लाइनीत, विचारलं.

"ऑनलाइन, काकू. खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो."

"भाग कुठला?"

"हाच की! जुळे सोलापूर. लाइन तीच, आधी पेपर टाकत होतो, आता बिर्याणी."