'स्वदेस' आणि आमची बांधी

दिवाळीच्या सुट्टीत भिलाईच्या क्वार्टरमध्ये आम्ही सगळ्यांनी २००४ सालचा 'स्वदेस' पाहिला. त्यातलं गाव म्हणजे वाईजवळचं मेणवली. आईला ते फार आवडलं. आजी म्हणाली, "रोवणीचा चिखल कुठंच दिसला नाही!" मला मोहनचं परत येणं पटलं. बाबा मात्र जमिनीचे पैसे देऊ न शकलेल्या हरिदासपाशीच अडकले.

गोंदियाजवळची आजोबांची २ एकर धानाची बांधी आता बाबांच्या नावावर आहे. कसणाऱ्या काकांचा मक्ता दोन वर्षं आला नाही, म्हणून ती विकायचं चाललं होतं. सकाळी बाबांनी काकांना फोन लावला. पैशांचं विचारलंच नाही. धान किती झालं, एवढंच.

मी निघालो तेव्हा सातबारा टेबलावरच होता.